अर्धा फेरा ढिला

पहिल्या मंगळवारी माझ्या छोट्या, विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीला पहिलं वळणसुद्धा घेता आलं नाही. सरळ पट्ट्यावर मी ट्रिगर पूर्ण दाबला, वळण आलं, गाडी खाचेतून उडाली आणि पलीकडं उभ्या असलेल्या आजोबांच्या स्वेटरवर जाऊन आदळली. त्यांनी ती दोन्ही हातांनी झेलली, उलटी करून पोटाकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हिला चुंबक आहे. इथं त्याचा काही उपयोग नाही.’’

त्या वाक्याचा पूर्ण अर्थ लागायला मला घरी येऊन रात्री उशिरापर्यंत बसावं लागलं. आता दीड वर्ष झालं. दर मंगळवारी मी त्या क्लबच्या हॉलमध्ये जाते, माझी स्वतःची गाडी आहे, स्वतःचा कंट्रोलर आहे. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघाचौघांनी विचारलं की हे स्लॉट कारचं, म्हणजे खाचेतून पळणाऱ्या या छोट्या गाड्यांचं, नेमकं काय आहे आणि सुरुवात कशी करायची. त्यांना प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा इथं सगळं लिहून ठेवते.

आम्ही इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो. नवऱ्याची नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, म्हणून इकडं आलो. मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरात आमच्या बाबांचं लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्रांचं, वर्कशॉप आहे आणि शाळेतून आलं की दप्तर तिथंच टाकून मी बसायची. लोखंडाचा कीस, कूलंटचा वास, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर हे माझ्या लहानपणीचं सामान. हे सांगायचं कारण पुढं येईल.

तर एका शनिवारी इथल्या जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात मुलाला स्केलेक्स्ट्रिकचा एक खोका सापडला. बारा पौंड. आत प्लॅस्टिकचा काळा ट्रॅक, दोन गाड्या, दोन कंट्रोलर. ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅकमध्ये प्रत्येक गाडीसाठी एक खाच असते आणि त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या दोन पट्ट्या. त्यातून बारा व्होल्टच्या आसपासची वीज वाहते. गाडीच्या पुढच्या बाजूला पोटाशी एक पातं असतं, त्याला गाइड म्हणतात. ते खाचेत बसतं. गाइडच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी असते, ती धातूवर घासत वीज उचलते आणि मोटरला देते. त्या पट्टीला इथं ब्रेड म्हणतात. मी घरी वेणी म्हणते, कारण ती दिसतेच वेणीसारखी.

गाडीला स्टिअरिंग नाही. वळवण्याचं काम खाच करते. आपल्या हातात फक्त किती वीज द्यायची एवढंच. ऐकणारा लगेच म्हणतो, मग यात कौशल्य कसलं? मीसुद्धा तेच म्हटलं होतं. पण विचार करा, रस्त्यावरची गाडी वळणावर घसरायला लागली तर चालक स्टिअरिंग फिरवून सावरू शकतो. इथं सावरायला दुसरं काहीच नाही. वेग जास्त झाला की मागचं अंग बाहेर फेकलं जातं, गाइड खाचेतून वर येतं आणि गाडी गेली. जे काही करायचं ते एका बोटानं आणि वळण यायच्या आधी.

स्केलेक्स्ट्रिक १९५७ साली बाजारात आलं. फ्रेड फ्रान्सिस नावाचा टूलमेकर, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणारा कारागीर होता, त्याची मिनिमॉडेल्स नावाची कंपनी. ती आधी स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या छोट्या गाड्या करायची, त्यांचं नाव स्केलेक्स. त्यात विजेची मोटर बसवली, खाचेचा ट्रॅक केला आणि नावात इलेक्ट्रिक मिसळलं. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर हे काम एका टूलमेकरनं केलं. ‘‘मग बरोबर हाय,’’ म्हणाले.

घरी मुलगा आणि मी तीन महिने दिवाणखान्यात तो ट्रॅक मांडून खेळलो. ट्रिगर पूर्ण दाबून धरायचा आणि गाडी फिरत राहायची, क्वचितच पडायची. मला वाटलं, जमतंय आपल्याला. मग कळलं की आमच्यापासून वीस मिनिटांवर एका गावातल्या स्काउट हॉलमध्ये क्लब भरतो, दर मंगळवारी शर्यती होतात आणि नवीन कुणीही आलं तर चालतं. आणि मग ते स्वेटर.

चुंबकाची गोष्ट अशी. घरच्या सेटमधल्या ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी असतात. गाडीच्या पोटात मोटरजवळ एक चपटं चुंबक बसवलेलं असतं, ते त्या पट्ट्यांकडं ओढलं जातं आणि गाडीला खाली दाबून धरतं. त्यामुळं लहान मुलांनाही खेळता येतं, आणि ते चांगलंच आहे. पण आमच्या क्लबचा ट्रॅक एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा आहे. राउटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रानं, खाच कोरायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवायची, असा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. म्हणजे तीन महिने ज्या ताकदीच्या भरवशावर मी गाडी पळवत होते, ती ताकद त्या हॉलमध्ये नव्हतीच. प्लॅस्टिकच्या ट्रॅकवर शर्यती घेणाऱ्या बऱ्याच क्लबांतही चुंबक काढूनच गाडी आणायची असते.

तेव्हा कुणाला या वाटेनं यायचं असेल तर माझं पहिलं सांगणं हेच: उद्या घरी गाडीतलं चुंबक काढा. बहुतेक गाड्यांत ते बारीक स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून निघतं. मग तोच ट्रॅक फिरून पाहा. पहिले दोन दिवस गाडी प्रत्येक वळणावर पडेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मागून हलके झोल खाताना दिसेल, शेपूट बाहेर काढून वळेल आणि सरळ होईल. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मुलाला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. गाडी जिवंत झाल्यासारखी वाटते.

दुसरं सांगणं, पहिले चार-पाच मंगळवार काही विकत घेऊ नका. क्लबात उसनी गाडी मिळते, उसना कंट्रोलर मिळतो. आमच्याकडं संध्याकाळचे पाच पौंड देतो आपण, त्यात चहासुद्धा आला. मी घाई केली. दुसऱ्याच आठवड्यात जास्त वेगानं फिरणारी एक जोरदार मोटर मागवली, आणि ती आमच्या कोणत्याच गटात चालत नाही हे नंतर कळलं. प्रत्येक गटाचे नियम असतात: कोणती मोटर, कोणते टायर, गाडीची रुंदी किती, पोट ट्रॅकपासून किती वर. आधी नियमांचा कागद मागून घ्यायचा, मग पाकीट उघडायचं. ती मोटर अजून डब्यात पडून आहे.

शेवटी मी जी घेतली ती क्लबातल्याच एकाची वापरलेली गाडी, पस्तीस पौंडांना. पोर्शे ९५६. खऱ्या ९५६नं १९८२ ते १९८५ अशी सलग चार वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. माझी तिच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे जेमतेम वीतभर. केली आहे स्लॉट डॉट इट या इटालियन कंपनीनं. एक आरसा आधीपासूनच तुटलेला. पण आतलं काम पाहिलं आणि मी हरखले. मोटर, मागच्या चाकांचा कणा आणि तो ज्यात फिरतो ते बुशिंग एका वेगळ्या चौकटीत बसवलेले, ती चौकट चार स्क्रूंनी चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. तिला पॉड म्हणतात. मोटरच्या दांड्यावर पितळी पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, नऊ दात्यांचं. कण्यावर त्यात अडकणारं मोठं दातेरी चाक, अठ्ठावीस दात्यांचं क्राउन. म्हणजे चाक एकदा फिरलं की मोटर तीनदा आणि थोडी जास्त फिरते. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी झूम करून दाते मोजले आणि विचारलं, ‘‘मेश किती ठेवलीय?’’ म्हणजे दाते एकमेकांत किती घट्ट बसवलेत. दीडशे ग्रॅमसुद्धा वजन नसलेल्या गाडीबद्दल त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न हा होता.

गाडी घरी आणली आणि मला जे येत होतं ते केलं. सगळं खोललं, पुसलं, बुशिंगला टाचणीच्या टोकानं तेलाचा थेंब दिला आणि परत जोडताना प्रत्येक स्क्रू घट्ट आवळला. वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसाला स्क्रू म्हटलं की घट्ट एवढंच ठाऊक. लेथवर काही ढिलं राहिलं तर जॉब, म्हणजे कातायला लावलेला तुकडा, थरथरतो, फिनिश जातं आणि कुणाच्या तरी डोळ्यालाही इजा होऊ शकते.

त्या मंगळवारी गाडी वळणावर उड्या मारत होती. घसरतही नव्हती, एकदम टुणकन खाचेबाहेर. स्वेटरवाले आजोबा आले. ते कॉव्हेंट्रीतच चाळीस वर्षं टूलरूममध्ये होते आणि आता निवृत्त आहेत. त्यांनी काही न विचारता खिशातून बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला. बॉडीचे दोन स्क्रू, प्रत्येकी अर्धा फेरा ढिला. मग पॉडचे चार, तेही अर्धा-अर्धा फेरा. गाडी हातात धरून बॉडी हलवून दाखवली. ती चॅसिसवर डावी-उजवीकडं किंचित डुलत होती, खडखड असा बारीक आवाज येत होता. माझ्या मनाला ते अजिबात पटलं नाही. पण मी गाडी ट्रॅकवर ठेवली आणि सलग अकरा फेऱ्या न पडता मारल्या. त्याआधी माझा सलग फेऱ्यांचा आकडा चार होता.

रविवारी बाबांना सांगितलं. ते आधी गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘लेथला हे चालायचं न्हाई. पण उसाची ट्रॉली आठव की गं. ट्रॅक्टरच्या हुकात मोकळीक असती का न्हाई? रस्ता खड्ड्याचा असला की ट्रॉली आपली आपण झुलती, ट्रॅक्टर आपल्या जागी राहतो. आवळून बांधलीस तर ट्रॉलीबरोबर ट्रॅक्टर पण उलथंल.’’

मी त्यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण कुठं ऐकलेलं नाही. फळ्यांच्या जोडावर, तांब्याच्या पट्टीच्या सुरकुतीवर मागचं चाक उचललं जातं. मोटर स्वतः थरथरत असते. सगळं आवळलेलं असलं तर ती थरथर आणि तो हिसका थेट गाइडपर्यंत पोचतो आणि गाइड खाच सोडतं. पॉड थोडा मोकळा असला की मागचं अंग आपलं आपण हलतं, पुढचं पातं खाचेत शांत राहतं. बॉडी मोकळी असली की तिचं वजन वळणावर एकदम न कलंडता थोडं मागाहून कलतं. किती मोकळं, हे गाडीगणिक वेगळं. अर्ध्या फेऱ्यापासून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच बदल करायचा, हे मात्र सगळीकडं खरं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. मी एक छोटी वही ठेवली आहे, तिच्यात तारीख, काय बदललं आणि दहा फेऱ्यांची वेळ लिहिते.

टायरबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण गाडीच्या वेगातला मोठा वाटा तिथं आहे आणि खर्च जवळजवळ शून्य. मागचे रबरी टायर रिमवर नुसते चढवलेले असतात. ते कधीच पूर्ण गोल नसतात. बोटाला कळत नाही, पण मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते तेव्हा तेवढा उंचवटासुद्धा गाडीला नाचवतो. उपाय असा. टायर काढून रिमवर फेव्हिक्विकसारख्या गोंदाचा अगदी पातळ थर द्यायचा, टायर बसवून रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सपाट फळीवर चारशे नंबरचा पॉलिशपेपर चिकटवायचा, मोटरला चार-पाच व्होल्टच द्यायचे आणि फिरते टायर त्या कागदावर अगदी हलके टेकवायचे. दाबायचं नाही. गाडीच्या वजनानं जेवढं घासलं जाईल तेवढंच. किती झालं हे कळण्यासाठी टायरवर आधी चंदेरी मार्करनं रेघोट्या मारून घ्यायच्या. पहिल्यांदा घासलं की काही ठिकाणची चंदेरी शाई जाते, काही ठिकाणची राहते. राहिली ती जागा खड्डा. सगळी शाई एकसारखी गेली की टायर गोल झाला.

हे करताना मला वर्कशॉपमधला निळा रंग आठवला. दोन पृष्ठभाग नीट बसतात का हे पाहायला बाबा एकावर निळा लावायचे, दुसरा त्यावर घासायचे आणि जिथं निळा उमटला तिथं स्क्रेपरनं खरवडायचे. शिवाय रबराच्या त्या काळ्या भुकटीचा वास थेट आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानाचा. मी तळघरात बसून टायर घासत होते आणि मला एकदम चार वाजताच्या सुट्टीतला चहा हवासा झाला.

पुढच्या टायरांचं उलटं आहे. त्यांना पकड नकोच असते, कारण वळवायचं काम त्यांचं नाही. पकड असली तर ते उलट गाडीला अडवतात. म्हणून त्यांच्यावर नेलपॉलिशचा बिनरंगी थर देतात. कडक आणि गुळगुळीत होतात. क्लबात ती बाटली माझ्या पेटीत असते आणि शर्यतीआधी ती सगळ्यांत फिरून येते.

वेण्यांचं दोन ओळींत सांगते. नवीन वेणीची टोकं मोकळी करून जुन्या दातब्रशनं विंचरायची, आणि जेमतेम खाली झुकतील एवढ्याच वाकवायच्या. जास्त वाकवल्या तर त्याच गाडीचं नाक वर उचलतात. आणि मागचे टायर प्रत्येक शर्यतीआधी चिकटपट्टीवर फिरवून धूळ काढायची. एवढ्यावर एखाद्या फेरीत दोन-तीन दशांश सेकंद मिळतात, माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

आता हाताकडं. कंट्रोलर पिस्तुलासारखा असतो. साधा कंट्रोलर म्हणजे एक रोधक, वीज अडवणारा भाग, ट्रिगर जसा आत जाईल तसा रोध कमी होतो आणि गाडीला जास्त वीज मिळते. तो ओहममध्ये मोजतात. आमच्यासारख्या गाड्यांना साधारण पंचवीस ते पंचेचाळीस ओहमचा लागतो. मोटर जितकी जोरदार तितके ओहम कमी. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरला बटणं असतात, ट्रिगर किती हळवा ठेवायचा आणि ब्रेक किती कडक ठेवायचा ते फिरवून लावता येतं. मी सहा महिने साध्यावर काढले आणि मग घेतला. सहा महिन्यांत बोटाला समज आली, त्यामुळं बटण फिरवल्यावर काय बदललं ते कळलं.

ब्रेक म्हणाल तर गाडीत ब्रेक नावाचा भागच नाही. ट्रिगर पूर्ण सोडला की कंट्रोलर मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो. फिरती मोटर त्या क्षणी डायनॅमो होते आणि स्वतःच्याच विजेनं स्वतःला रोखते. हे घरी बोटानं अनुभवता येतं. गाडी हातात घ्या, मागचं चाक फिरवा. मग एक सेफ्टी पिन दोन्ही वेण्यांवर आडवी टेकवून धरा आणि परत फिरवा. चाक जड लागतं. पिन काढली की हलकं. मुलाला दाखवलं तेव्हा त्यानं ते वीस वेळा तरी केलं असेल, आणि मग त्याच्या विज्ञानाच्या बाईंना दाखवायला गाडी शाळेत नेली.

हे कळल्यावर माझं ट्रिगर सोडणं बदललं. त्याआधी मी वळण आलं की घाबरून सोडायची, म्हणजे ब्रेक नेमका वळणाच्या आत लागायचा. मागचं अंग तेव्हाच सगळ्यात हलकं असतं. गाडी फिरून उलटी. ब्रेक सरळ पट्ट्यावर लागून संपायला हवा आणि वळणात शिरताना बोट परत थोडं आत गेलेलं हवं. वाचायला सोपं आहे. जमायला मला आठ महिने लागले, आणि ते गाडी चालवताना जमलं नाही, मार्शल म्हणून, म्हणजे पडलेल्या गाड्या उचलायला उभं असताना जमलं.

शर्यत कशी होते ते आधी सांगते. आमच्या ट्रॅकला चार खाचा: लाल, पिवळी, निळी, हिरवी. एका वेळी चारजण. तीन मिनिटांचा एक डाव, मग खाच बदलायची. चारही खाचांवर प्रत्येकी तीन मिनिटं झाली की चारींची मिळून किती लॅप, म्हणजे ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्या झाल्या ते मोजतात. बाहेरची खाच लांब, आतली आखूड पण वळणं आवळ. सगळ्यांना सगळ्या खाचा मिळतात, म्हणून तक्रारीला जागा नाही. मोजणी कम्प्युटर करतो, खाचेतल्या सेन्सरवरून. आमचा ट्रॅक साधारण तीस मीटरचा आहे आणि चांगले लोक सात सेकंदांत एक लॅप मारतात. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. बत्तीसनं गुणलं तर गाडीच्या हिशेबात जवळपास पाचशे.

जे चालवत नसतात ते वळणांवर उभे राहतात आणि पडलेल्या गाड्या उचलून खाचेत ठेवतात. हे मार्शलिंग. नवीन माणसाला वाटतं ही आपली पाळी यायची वाट बघण्याची वेळ. तसं समजू नका. मार्शल झोपला तर समोरच्याची शर्यत गेली. दुसऱ्याच्या वाटेत आडवी पडलेली गाडी आधी उचलायची, बाजूला पडलेली नंतर. आधी गाइड खाचेत टेकवायचं, मग मागची चाकं खाली सोडायची, आणि तिची खाच कोणती हे गाडीवरच्या रंगीत ठिपक्यावरून पाहायचं. चालवणाऱ्यानं मार्शलवर ओरडायचं नाही. हा आमच्या क्लबचा सगळ्यात जुना नियम आहे आणि तो मला फार आवडतो.

माझी जागा तिसऱ्या वळणावर असायची, लांब सरळ पट्ट्यानंतरचं ते आवळ वळण. एका मंगळवारी आजोबांची शर्यत होती आणि मी तिथं उभी होते. गाडीकडं डोळे लावायचेच होते, कारण पडली तर उचलायची. पण मी कान मोटरच्या आवाजाला लावले. बाकी तिघांचे आवाज वळणाआधी तुटायचे. ऊंऽऽऽ, मग एकदम शांत, मग परत ऊंऽऽऽ. आजोबांच्या गाडीचा आवाज तुटतच नव्हता. तो माझ्या अंदाजापेक्षा दीड हात आधी खाली यायला लागायचा, वळणाच्या तोंडाशी सगळ्यात खाली असायचा आणि वळण अर्धं व्हायच्या आत परत चढायला लागलेला असायचा. तबल्याच्या बायाँवर मनगट सरकवल्यासारखा, एका ओघात. ते माझ्यापेक्षा आधी सोडत होते, म्हणूनच ते माझ्यापेक्षा आधी दाबू शकत होते.

त्या रात्री सगळे चहा पीत असताना मी सरावासाठी ट्रॅकवर गेले आणि गाडीकडं न बघता तो आवाज काढायचा प्रयत्न केला. पहिल्या दहा लॅपमध्ये वेळ आधीपेक्षा हळू आली. मला ते चालणार होतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पहिल्या तीन मिनिटांत गाडी एकदाही पडली नाही. चोवीस लॅप. माझ्यापेक्षा जास्त ताकदीनं पळवणारा एकजण दोनदा पडून तेवीसवर राहिला.

सुरुवातीला हॉलमध्ये मी एकटीच बाई होते आणि बहुतेकजण साठीच्या पुढचे. दारातून आत जाताना पाय जड व्हायचे, हे खरं सांगते. कुणी वाईट वागलं नाही, पण सगळ्यांचे विषय एकमेकांना पंचवीस वर्षं ठाऊक असलेले. मग मी एकदा भडंग करून नेलं. चहाबरोबर सगळ्यांनी खाल्लं आणि अर्ध्या तासात क्लबचे प्रमुख काळजीनं म्हणाले की हात धुतल्याशिवाय कुणी ट्रॅकजवळ जाऊ नका, कारण तेलाचं एक बोट टायरला लागलं तर संध्याकाळ वाया. तेव्हापासून भडंगाचं ताट हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतं आणि त्याच्या शेजारी साबणाचं पाणी. आता दोन बायका आणखी येतात, त्यातली एक आपल्या नातवाला घेऊन.

एक शेवटचं. गाडी नीट बसली आहे का हे पाहायला सपाट प्लेट लागते. तिला एक खाच असते, म्हणजे गाइड आत जातं आणि गाडी ट्रॅकवर बसेल तशीच बसते. मग चारही चाकं टेकतात का, पोट किती वर आहे ते पाहता येतं. मी काचेच्या तुकड्यावर भागवत होते. बाबांना नुसतं वर्णन केलं होतं. दिवाळीनंतर मावसभाऊ इकडं आला तेव्हा त्यानं बॅगेतून एक जड पुडकं काढलं. पुढारीच्या कागदात, ग्रीस फासून गुंडाळलेली एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची प्लेट. दीड किलो तरी असेल. दोन्ही अंगांनी सरफेस ग्राइंडरवर घासून सपाट केलेली, मधोमध मिलिंगनं खाच, कडा मोडलेल्या आणि एका कोपऱ्यावर लेटर पंचनं ठोकलेलं माझं नाव.

मंगळवारी ती क्लबात नेली. आजोबांनी चश्मा लावला, प्लेटवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि दिव्याच्या उजेडात आडवं होऊन पाहिलं. पट्टी आणि प्लेट यांच्यामधून उजेड येत नव्हता. त्यांनी पट्टी तिरकी फिरवून परत पाहिलं. मग विचारलं, ही कोणत्या मशीनवर केली? मी म्हटलं, विचारून सांगते. सकाळी बाबांना फोन केला तेव्हा ते आधी हसले नाहीत, गंभीरपणे मशीनचं वय, घासणाऱ्या चाकाचा ग्रेड, शेवटचा कट किती मायक्रॉनचा घेतला, सगळं सांगत बसले, आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. आजोबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

आता बाबांना क्लबसाठी दुसरी मोठी प्लेट करायची आहे, दोन गाड्या शेजारी शेजारी बसतील अशी. खाच किती रुंद आणि किती खोल ठेवू, असं विचारतायत. आज मंगळवार आहे. व्हर्नियर पर्समध्ये टाकला आहे, ट्रॅकची खाच मोजून आणते.